चिप तीच, व्होल्टेज तेच, तरी पेशी उघडेनात: सूक्ष्म चॅनलमधल्या इलेक्ट्रोपोरेशनचं एक प्रकरण

पेशीचं पटल विजेनं क्षणभर उघडून आत काहीतरी पोहोचवायचं, याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. ते करणारी एक चिप जर्कट पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगी टी पेशींच्या जातीवर, उत्तम चालत होती. रक्तातून वेगळ्या केलेल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिच्यातून सोडल्या, तर त्या जशा आत गेल्या तशाच बाहेर आल्या, पटल बंद. व्होल्टेज वाढवलं तेव्हा पटल उघडलं, पण पेशी मेल्या. मग मरण टाळायला द्रवाचा प्रवाह वाढवला. पटल उघडल्याची खूण म्हणून घातलेलं रंगद्रव्य आत शिरलं, पण जे खरं आत पोहोचवायचं होतं ते एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, पोहोचलं नाही. असं तीनदा दार आपटल्यावर हे प्रकरण माझ्याकडे आलं. चिप बनवणारा गट वेगळा होता, पेशी सांभाळणारा गट वेगळा होता आणि दोघांनाही दोष समोरच्याकडे आहे असं वाटत होतं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघालं.

मूळ गोष्ट आधी मांडतो, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. पेशीपटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असतं. पेशीभोवती विद्युत क्षेत्र लावलं की आतल्या आणि बाहेरच्या द्रवातले आयन पटलाच्या दोन्ही बाजूंना साचतात आणि पटलावर व्होल्टेज चढतं. ते साधारण १ व्होल्टच्या आसपास गेलं की मेदाच्या दुपदरात पाण्याची नॅनोमीटरभर रुंदीची छिद्रं पडू लागतात. ५ नॅनोमीटरवर १ व्होल्ट म्हणजे मीटरला २० कोटी व्होल्ट. कोरडी हवा मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टला ठिणगी टाकते, यावरून पटल किती ताण सोसतं याचा अंदाज यावा. क्षेत्र थांबलं की छिद्रं मिटतात. काही क्षणात मिटतात, काही मिनिटं घेतात. थंडीत सावकाश, ३७ अंशांना लवकर. मिटली नाहीत तर पेशी जाते. १९८२ साली एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत याच मार्गानं जनुक घातलं आणि इलेक्ट्रोपोरेशन हे नाव रूढ झालं.

पटलावर किती व्होल्ट चढतील याचं सूत्र जैवभौतिकशास्त्रज्ञ हर्मन श्वान यांच्या नावानं ओळखलं जातं: क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या गुणिले दीड. इलेक्ट्रोडकडे तोंड केलेल्या दोन टोकांना हा पूर्ण आकडा लागू होतो, मध्यावर शून्य होतो. या सूत्रात वीजपुरवठ्याच्या डब्यावरचा आकडा कुठेच नाही. पेशीपाशी प्रत्यक्ष असलेलं क्षेत्र आहे, आणि त्रिज्या आहे. या प्रकरणातली निम्मी भांडणं हे नजरेआड झाल्यामुळे झाली.

आता चिप. काचेवर चिकटवलेला पीडीएमएसचा, म्हणजे रबरासारख्या पारदर्शक सिलिकोनचा, तुकडा, त्यात ४० मायक्रोमीटर खोल एकच चॅनल. दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर लांब आणि ४०० मायक्रोमीटर रुंद भाग, मध्ये ३०० मायक्रोमीटर लांबीची, फक्त ५० मायक्रोमीटर रुंद अशी चिंचोळी वाट. दोन टोकांना दोन विहिरी, प्रत्येकीत प्लॅटिनमची तार. पेशी जिच्यातून आत जातात त्या, म्हणजे आतल्या, विहिरीवर झाकण लावून हवेचा हलका दाब दिला की पेशींचा द्रव पुढे सरकतो. पल्स, म्हणजे विजेचे क्षणिक झटके, देणारं महागडं यंत्र नाही. अखंड डीसी व्होल्टेज लावून ठेवायचं, आणि पेशी चिंचोळ्या भागातून जाईल तेवढाच वेळ तिला जोरदार क्षेत्र सोसावं लागेल. म्हणजे पल्सची लांबी ठरवतो प्रवाह. ही रचना नवी नाही, आणि माझ्या मते सूक्ष्म इलेक्ट्रोपोरेशनमधली ही सगळ्यात शहाणी युक्ती आहे, कारण तिच्यात बिघडण्यासारखे भागच कमी आहेत.

पण वीजपुरवठा १५० व्होल्ट दाखवतो, तेव्हा चिंचोळ्या वाटेच्या वाट्याला किती येतात? पगाराच्या कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा, तसाच हा प्रकार. एकाच खोलीच्या चॅनलमध्ये प्रत्येक भागाचा रोध लांबी भागिले रुंदीच्या प्रमाणात असतो. रुंद भाग: ५००० भागिले ४०० म्हणजे साडेबारा, असे दोन, मिळून पंचवीस. चिंचोळा भाग: ३०० भागिले ५० म्हणजे सहा. एकूण एकतीस. तेव्हा १५० मधले जेमतेम २९ व्होल्ट चिंचोळ्या वाटेवर पडतात आणि बाकीचे १२१ रुंद भागांत खपतात. २९ व्होल्ट ३०० मायक्रोमीटरवर, म्हणजे सेंटीमीटरला साधारण ०.९७ किलोव्होल्ट, मायक्रोमीटरला ०.०९७ व्होल्ट. रुंद भागात त्याच्या एक अष्टमांश.

जर्कट पेशींची त्रिज्या ६ मायक्रोमीटरच्या आसपास धरा. दीड गुणिले ०.०९७ गुणिले ६, म्हणजे पटलावर ०.८७ व्होल्ट. छान. रुंद भागात हाच आकडा ०.११ व्होल्ट, तिथे पेशीला काहीच होत नाही. विश्रांत टी पेशी मात्र लहान असतात, त्रिज्या साडेतीन मायक्रोमीटर. त्यांच्या पटलावर चढतात ०.५१ व्होल्ट. पहिल्या आपटीचं एवढंच कारण होतं. चिपमध्ये दोष नव्हता, टी पेशीही काही 'हट्टी' नव्हत्या, त्या फक्त लहान होत्या. पेशी सांभाळणाऱ्या गटाच्या नोंदवहीत मात्र 'टी पेशी इलेक्ट्रोपोरेशनला दाद देत नाहीत' असं चक्क लिहिलेलं होतं. एका जातीच्या पेशींवर बसवलेला व्होल्टेजचा आकडा दुसरीकडे नेताना त्रिज्येचा गुणाकार कुणी करत नाही, हा या क्षेत्रातला जुना रोग आहे.

गटानं अंदाजानंच २६० व्होल्टपर्यंत मजल मारली होती, आणि गंमत म्हणजे अंदाज अचूक होता. २६० ला चिंचोळ्या वाटेत सेंटीमीटरला १.६८ किलोव्होल्ट येतात आणि साडेतीन मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीवर ०.८८ व्होल्ट, म्हणजे जर्कटला मिळत होते तेवढेच. प्रोपिडियम आयोडाइड आत शिरून पेशी लाल चमकू लागल्या. हे रंगद्रव्य शाबूत पटलातून जात नाही आणि आतल्या न्यूक्लिक आम्लाला चिकटलं की चमकतं, त्यामुळे पटल उघडल्याची ती पहिली पावती असते. पण तासाभरानं पाहिलं तर बहुतेक पेशी मेलेल्या. हेच पटलावरचं व्होल्टेज जर्कट पेशींनी पचवलं होतं, मग या का मेल्या?

संशयित दोन होते, उष्णता आणि इलेक्ट्रोडवरची रासायनिक घाण. खुद्द क्षेत्राला संशयितांत धरायचं कारण नव्हतं, कारण ते आता दोन्ही पेशींना सारखंच मिळत होतं.

उष्णतेचा हिशेब करून पाहू. पेशी ज्यात होत्या त्या साध्या फॉस्फेट सलाइनची, म्हणजे खारट पाण्याची, वाहकता मीटरला सुमारे १.५ सीमेन्स. उष्णता निर्माण होण्याचा दर म्हणजे वाहकता गुणिले क्षेत्राचा वर्ग. १५० व्होल्टला हे मिलिसेकंदाला सुमारे ३.४ अंश येतं. २६० ला सुमारे १० अंश, कारण क्षेत्र वर्गात मोजलं जातं. चिंचोळ्या वाटेतला सरासरी वेग सेकंदाला १०० मिलिमीटर होता, म्हणजे मिनिटाला १२ मायक्रोलिटर, आणि पेशी तिथे सरासरी ३ मिलिसेकंद राहत होती. उष्णता भिंतींत अजिबात झिरपली नाही असं धरलं तर २६० व्होल्टला द्रव ३० अंशांनी तापून बाहेर पडतो. प्रत्यक्षात काच बरीच उष्णता खेचून घेते, पीडीएमएस फारशी घेत नाही. ४० मायक्रोमीटर खोलीच्या चॅनलमध्ये उष्णता भिंतीपर्यंत पोहोचायला लागणारा वेळही मिलिसेकंदांतच असतो. 'चिप लहान असते म्हणून ती तापत नाही' हे वाक्य माहितीपत्रकांत वारंवार दिसतं. ते अर्धं खरं आहे. लहान चिप लवकर निवते, हे त्यातलं खरं अर्ध.

मग प्रत्यक्षात किती तापलं? चिंचोळ्या वाटेत तापमापक घालता येत नाही, पण करंट मोजता येतो. तारेत एक छोटा रोध जोडून त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहायचं, एवढं पुरतं. मला विचाराल तर अशा चिपवर पहिल्या दिवसापासून करंटची नोंद हवी. इथे ती नव्हती. १९९९ मध्ये हुआंग आणि रुबिन्स्की यांनी सिलिकॉनच्या पातळ पडद्यातल्या एका सूक्ष्म भोकावर एकेक पेशी बसवली होती, तेव्हाही पटल उघडलं हे त्यांना करंटमध्ये येणाऱ्या उडीवरून कळत होतं. चिपमधल्या गोष्टी बाहेर सांगणारी वाट करंटचीच आहे.

हिशेबाप्रमाणे आमच्या चिपचा एकूण रोध ५१७ किलोओहम, म्हणजे १५० व्होल्टला ०.२९ मिलिअँपिअर. तेवढाच दिसला. भूमिती ठीक होती, चिपवाल्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. २६० ला ०.५० अपेक्षित होता, पण दिसला चारेक टक्के जास्त. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण एकूण रोधात चिंचोळ्या वाटेचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी आहे. सगळा बदल तिथेच झालेला असणार, तेव्हा तिथला रोध वीस टक्क्यांनी घटलेला. मिठाच्या द्रावणाची वाहकता अंशामागे साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे चिंचोळ्या वाटेत सरासरी १० अंशांची वाढ, आणि शेवटाकडे त्याच्या जवळपास दुप्पट. खोली २५ अंशांची असेल तर पेशी क्षणभर ४५ च्या घरात जात होत्या. मिलिसेकंदभराच्या ४५ अंशांनी पेशी तडकाफडकी मरत नाही. पण ऊबदार पटल कमी व्होल्टेजला उघडतं आणि जास्त उघडतं. काही मृत्यू या खात्यावर टाकता येत होते, सगळे नाही.

करंटच्या रेषेत आणखी एक गोष्ट दिसत होती. अधूनमधून करंट खाली कोसळून परत वर येत होता. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर कळलं, बुडबुडे. विहिरीतून एखादा बुडबुडा चॅनलमध्ये शिरायचा आणि चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी अडायचा. बुडबुड्यातून वीज वाहत नाही. तो आणि भिंत यांच्यामधल्या द्रवाच्या पातळ थरातून सगळा करंट दाटून जातो, आणि त्या थरात सापडलेल्या पेशीला ठरलेल्या क्षेत्राच्या कितीतरी पट सोसावं लागतं. एका चित्रणात अशी एक पेशी दिसली. बुडबुड्याच्या कडेशी आली, एका बाजूनं फुगली आणि पुढच्याच फ्रेममध्ये तिच्या जागी नुसता धूसर ढग उरला होता.

बुडबुडे कुठून आले हे उघड आहे, पण किती हे आकड्यात पाहिल्याशिवाय पटत नाही. अर्धा मिलिअँपिअर १० मिनिटं वाहिला की ०.३ कूलॉम विद्युतभार होतो. तेवढ्यानं ऋणाग्रावर सुमारे दीड मायक्रोमोल हायड्रोजन सुटतो, म्हणजे जवळपास ३७ मायक्रोलिटर वायू. चॅनलमध्ये मावणारा सगळा द्रव ०.१६ मायक्रोलिटर! चॅनलच्या सव्वादोनशे पट वायू दहा मिनिटांत तयार होतो. त्यातला बहुतेक वर निघून जातो म्हणून चिप चालते तरी.

इथवर आम्ही चिंचोळ्या वाटेकडेच डोळे लावून बसलो होतो. तिथून नजर काढली ती पेशी सांभाळणाऱ्या गटातल्या संशोधक मुलीच्या एका वाक्यानं. ती म्हणाली, "सर, चिपमध्ये मरत नाहीयेत त्या. बाहेर येऊन बसल्यावर मरतायत. शेवटी आलेल्या पेशी लगेच उचलल्या तर बऱ्या असतात." तिनं हे आधीही सांगितलं होतं म्हणे, पण बैठकीत चर्चा व्होल्टेजची चालू होती.

पडताळा सोपा होता आणि तो तिनंच सुचवला. पेशी न घालता नुसतं सलाइन १० मिनिटं २६० व्होल्टवर चिपमधून सोडायचं. मग वीज बंद करून, बाहेरच्या विहिरीतल्या त्या द्रवात कधीही चिपमध्ये न गेलेल्या ताज्या टी पेशी टाकायच्या. त्या मेल्या. त्यांनी क्षेत्र पाहिलं नव्हतं की उष्णता पाहिली नव्हती. आम्लता रंगानं दाखवणारं फिनॉल रेड घालून पुन्हा तेच केलं तर आतल्या विहिरीत, जिथे ऋणाग्र होतं, द्रव गडद गुलाबी झाला. बाहेरच्या विहिरीत धनाग्राजवळ तो आधी पिवळा पडला आणि मग हळूहळू रंगच उडत गेला. पिवळा म्हणजे आम्ल. रंग उडाला त्याचं कारण क्लोरीन: मिठाच्या पाण्यात प्लॅटिनमच्या धनाग्रावर ऑक्सिजनबरोबर क्लोरीनही सुटतो आणि पाण्यात हायपोक्लोरस आम्ल बनतं, म्हणजे पेशींना ब्लीचमध्ये बसवून ठेवण्यासारखंच. आकडाही बघा. ०.३ कूलॉम म्हणजे सुमारे ३ मायक्रोमोल आम्ल. बाहेरच्या विहिरीत ८० मायक्रोलिटर माध्यम आधीचं आणि १२० चिपमधून आलेलं, एकूण २००. त्यात हे आम्ल १५ मिलिमोलरच्या वर जातं. फॉस्फेट सलाइनमध्ये आम्ल झेलणारं फॉस्फेटच १० मिलिमोलर असतं. ते बिचारं किती झेलणार?

जर्कट पेशींच्या वेळी हे का दिसलं नाही? ते प्रयोग कमी व्होल्टेजवर आणि अगदी थोडा वेळ चालवलेले होते. नमुना छोटा, करंट कमी, विहिरीत साचायला अवधीच मिळाला नाही. म्हणजे जर्कट आणि टी पेशींची तुलना मुळात दोन वेगळ्या प्रयोगांची तुलना होती.

क्युवेटमध्येही, म्हणजे नेहमीच्या इलेक्ट्रोपोरेशनच्या छोट्या डबीतही, हेच सगळं घडतं. तिथे अॅल्युमिनियमच्या पट्ट्या १, २ किंवा ४ मिलिमीटर अंतरावर असतात आणि सगळ्या पेशी थेट इलेक्ट्रोडच्या सान्निध्यात बसतात. पण तिथे पल्स काही मिलिसेकंदांचा, एखाददुसरा. आमच्या चिपमध्ये प्रत्येक पेशीला ३ मिलिसेकंदच मिळत असले तरी इलेक्ट्रोडला मात्र दहा मिनिटं अखंड वीज मिळत होती. अखंड डीसीच्या साधेपणाची ही किंमत. जाता जाता: ज्या चिपमध्ये इलेक्ट्रोड चॅनलच्या आतच, ५०–१०० मायक्रोमीटरवर असतात, तिथे पाच-दहा व्होल्टमध्ये काम भागतं म्हणून लोक खूश होतात. पण इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या रासायनिक क्रियेतच त्यातले दोनेक व्होल्ट जातात आणि पेशी अगदी त्या पृष्ठभागाला खेटून असते. कमी व्होल्ट म्हणजे कमी त्रास, हे समीकरण तिथेही जमत नाही.

आता दुरुस्ती. दोन गोष्टी बदलल्या, आणि दोन्ही साध्या होत्या.

पहिली, बफर, म्हणजे पेशी ज्यात तरंगतात तो द्रव. सलाइनऐवजी सुक्रोजचं समपरासारी द्रावण, म्हणजे ज्यात पेशी फुगत किंवा आकसत नाही असं, थोडंसं मीठ आणि आम्लता स्थिर ठेवणारं हेपेस घातलेलं, वाहकता मीटरला ०.१५ सीमेन्स, म्हणजे आधीच्या एक दशांश. चॅनलच्या सगळ्या भागांचा रोध सारख्याच प्रमाणात वाढतो, तेव्हा व्होल्टेजची वाटणी बदलत नाही आणि क्षेत्र तेच राहतं. करंट ०.०५ मिलिअँपिअरवर आला. उष्णता एक दशांश, वायू एक दशांश, आम्ल एक दशांश. पटलावर विद्युतभार चढायला जरा जास्त वेळ लागतो हे खरं, पण तो अजूनही मायक्रोसेकंदाच्या आतच, ३ मिलिसेकंदांपुढे नगण्य. एक अट मात्र पाळावी लागते. पेशी या बफरमध्ये नीट धुवाव्या लागतात, जुनं माध्यम थोडं जरी मागे राहिलं तरी वाहकता चढते. धुऊन झाल्यावर वाहकता मोजायचीच, अंदाजावर सोडायची नाही. आणि पेशींना या कमी मिठाच्या द्रवात ताटकळत ठेवायचं नाही. चिपमधून निघाल्या की थेट ३७ अंशांच्या माध्यमात.

दुसरी, इलेक्ट्रोड विहिरीतून बाहेर काढले. प्रत्येक विहिरीच्या शेजारी वेगळी छोटी कुपी, तिच्यात प्लॅटिनमची तार, आणि कुपी व विहीर यांच्यामध्ये त्याच बफरमध्ये बनवलेल्या अगारोज जेलचा बोळा. वीज जेलमधून जाते, बुडबुडे जात नाहीत, आणि आम्ल व क्लोरीनला पलीकडे झिरपायला बराच वेळ लागतो. बोळा मिलिमीटरभर जाड आणि काही मिलिमीटर लांब असला तरी त्याचा रोध पंचवीसेक किलोओहम होतो, आणि चिप आता ५० लाख ओहमची आहे. क्षेत्राच्या हिशेबात त्यानं काहीच फरक पडत नाही. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड वापरू असंही एकानं सुचवलं होतं. त्यांनी वायू टळला असता, पण चांदीचे आयन पेशींना मानवत नाहीत, म्हणून तो बेत सोडला.

नुसत्या द्रवाचा पडताळा पुन्हा केला. बाहेरच्या विहिरीतल्या पेशी आता जगल्या, आणि चिपमधून गेलेल्याही. करंटची रेषा सपाट झाली.

पण हिरवी चमक आली नाही, म्हणजे एमआरएनए आत गेलं नव्हतं. हे हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं एमआरएनए, पेशीद्रव्यात पोहोचलं तरी पुरे, केंद्रकात जायची गरज नाही. इथे मधल्या काळातला तो प्रवाह वाढवण्याचा उपाय आडवा आला. उष्णतेच्या भीतीनं गटानं प्रवाह सहा पट वाढवला होता आणि नवीन बफर आला तरी तो तसाच ठेवला होता. म्हणजे पेशी चिंचोळ्या वाटेत फक्त अर्धा मिलिसेकंद होती. प्रोपिडियम आयोडाइडला तेवढं पुरतं. तो सातशे डाल्टनपेक्षाही लहान रेणू आहे, छिद्रं मिटेपर्यंत विसरणानंच आत जात राहतो, वीज बंद झाल्यावरही. हजारेक न्यूक्लिओटाइडचं एमआरएनए तीन लाख डाल्टनच्या घरात जातं. त्याला विद्युत क्षेत्रानं ओढून पटलात खुपसावं लागतं. न्यूक्लिक आम्लं ऋणभारित असल्यानं ती धनाग्राकडे धावतात आणि पेशीच्या ऋणाग्राकडे तोंड केलेल्या बाजूवर आदळतात. डीएनएबाबत गोल्झिओ, तेसिए आणि रोल्स यांनी २००२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हेच दाखवलं होतं: डीएनए पटलाच्या त्या बाजूला ठिपक्या-ठिपक्यांनी चिकटतो, आणि आत जातो तो नंतर.

आमच्या क्षेत्रात न्यूक्लिक आम्लाचा वेग सेकंदाला साधारण ५ मिलिमीटर येतो. अर्ध्या मिलिसेकंदात अडीच मायक्रोमीटर. पेशीला लगटून असलेलंच काय ते तिच्यापर्यंत पोहोचणार. ३ मिलिसेकंदांत १५ मायक्रोमीटर, म्हणजे लहान टी पेशीच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावरचा माल तिच्यावर येऊन आदळतो. उष्णतेचा प्रश्न बफरनं सोडवलेलाच होता, तेव्हा प्रवाह परत १२ मायक्रोलिटरवर आणण्यात अडचण नव्हती. आणला. दुसऱ्या दिवशी पेशी हिरव्या होत्या.

सगळ्या नव्हत्या, आणि सारख्या तर मुळीच नव्हत्या. चिंचोळ्या वाटेत मध्यावरचा वेग सरासरीच्या जवळपास दुप्पट असतो आणि भिंतीशी शून्याकडे जातो. मधून जाणारी पेशी दीड मिलिसेकंदात सुटते, कडेनं रेंगाळणारीला त्याच्या कितीतरी पट मिळतं. दोन्ही बाजूंनी पेशीविरहित बफरचे प्रवाह आणून पेशींना मधल्या अरुंद पट्ट्यात धरणं हा त्यावरचा रूढ उपाय. चिपवाल्यांनी पुढच्या आराखड्यात तो घेतला. फक्त एक ध्यानात ठेवावं लागतं: एमआरएनए मधल्या प्रवाहातच हवं. कडेच्या बफरमध्ये ठेवलं तर महागडा माल नुसता वाहून जातो.

आकाराचा प्रश्न मात्र प्रवाहानं सुटत नाही. नमुन्यात काही टी पेशी सक्रिय झालेल्या होत्या, त्रिज्या साडेपाच मायक्रोमीटर. त्यांच्या पटलावर २६० व्होल्टला १.३९ व्होल्ट चढतात, विश्रांत पेशींवर ०.८८. एकाला योग्य तो डोस दुसऱ्याला घातक. यावर मी कडक भूमिका घेतली: मिश्र नमुना या चिपवर चालवायचाच नाही. एक तर सगळ्या विश्रांत, नाहीतर सगळ्या सक्रिय करून घ्या आणि व्होल्टेज खाली आणा. आकाराची कटकटच नको असेल तर वेगळ्या जातीची चिप हवी. २०११ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या गटानं दाखवलेल्या नॅनोचॅनल पद्धतीत पेशी नॅनोमीटर रुंदीच्या चॅनलच्या तोंडाला टेकते आणि व्होल्टेज पटलाच्या फक्त तेवढ्याच ठिपक्यावर पडतं. तिथे बाकी पेशी केवढी आहे याला फारसं महत्त्व उरत नाही, आणि माल किती गेला हे पल्सच्या लांबीनं ठरवता येतं. पण एकेक पेशी तोंडाला टेकवत बसण्याचा वेग काय असतो ते करून पाहणाऱ्यालाच कळतं.

वेगाचाच मुद्दा शेवटच्या बैठकीत निघाला. मिलिलिटरला ५० लाख पेशी घेतल्या तर मिनिटाला १२ मायक्रोलिटरनं ६० हजार पेशी निघतात. प्रयोगशाळेला हे पुरेसं आहे. उपचारासाठी १० कोटी पेशी हव्या असतील तर हीच चिप २८ तास चालवावी लागेल, आणि तोवर पेशी बफरमध्येच मरतील. उत्तर उघड आहे, समांतर चॅनल. २० चॅनल लावले की दीड तासाच्या आत काम होतं. पण मग ज्या करंटच्या रेषेनं आम्हाला बुडबुडे आणि उष्णता दाखवून दिली ती बोथट होते. वीसपैकी एक चॅनल तुंबला तर एकूण करंट फक्त ५ टक्क्यांनी उतरतो, आणि बफर अडीच अंशांनी गार झाला तरी तेवढाच उतरतो. दोन्हींत फरक कसा करणार? सध्या ठरलं आहे ते असं की, चार-चार चॅनलचे पाच गट करायचे, प्रत्येक गटाला स्वतंत्र जेलचा बोळा आणि करंट मोजायला स्वतंत्र रोध. म्हणजे एक चॅनल तुंबला की त्या गटाचा करंट २५ टक्क्यांनी पडेल आणि बाकीचे चार गट जागचे हलणार नाहीत. बफर गार झाला असेल तर पाचही एकदम उतरतील. चिपवाल्यांना पाच वेगळ्या तारा काढणं जिवावर आलंय, पण साचा बनायला गेला आहे.